पाय लांब करण्याइतकी गाडी

परळ

लोक हिमालयात जाऊन येतात, परदेशात जाऊन येतात, आणि मग प्रवासवर्णन लिहितात. माझा प्रवास परळहून निघाला आणि कफ परेडला संपला. मधे गिरगाव, लालबाग, घोडपदेव. सगळा मिळून आठवडाभराचाही नाही. निघताना मी कपड्यांची बॅगसुद्धा घेतली नव्हती, रोज घरी येऊन झोपत होते. तरी माझ्यापुरता आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास हाच, म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात विलासने केली. विलास माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना विलास म्हणणं सुटसुटीत पडतं. हा माणूस जन्मभर गिरगावातल्या एका छापखान्यात मशीनवर उभा होता. निवृत्त झाल्यावर त्याने मोबाइल हातात धरला आणि त्यात त्याला गाडीत राहणारी माणसं सापडली. मालवाहू बंद गाडी घ्यायची, आतून फळ्या मारायच्या, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि निघायचं. मुक्काम गाडीत, स्वयंपाक गाडीत. विलासने बेत आखला: किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारी, तिथून पलीकडच्या बाजूने वर. सहा महिने.

मी नाही म्हणाले. माझा जन्म घोडपदेवच्या चाळीतला, लग्नानंतरची वीसेक वर्षं परळच्या चाळीत गेली. नोकरी सरकारी दवाखान्यात, औषधं द्यायच्या खिडकीच्या आत; तीही आता संपली. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा, पन्नाशीच्या तोंडावर, मला पहिल्यांदा आतून कडी लावता येईल अशी झोपायची खोली मिळाली. तिला खिडकी आहे. त्या खिडकीला मी पडदासुद्धा लावलेला नाही, कारण उघडताना-मिटताना मधे काही नको. आणि हा माणूस मला म्हणत होता, टेम्पोत झोपू.

तुम्ही एकटे जाऊन या, असं मी मनापासून सांगितलं. तो म्हणाला, "एकटा जाऊन काय करू? ते बघ, असं कोणाला म्हणू?" हे ऐकल्यावर साफ तोडून टाकणं जड गेलं. मग आमचा सौदा ठरला. गाडी मी पसंत करायची. दसऱ्याच्या आत एखादी गाडी मला पटली तर मी सहा महिने कुरकुर न करता जायचं, आणि एकही पटली नाही तर विलासने हा विषय पुन्हा काढायचा नाही, मोबाइलमधले ते व्हिडिओसुद्धा बघायचे नाहीत. दोघांनी चहाच्या कपाची शपथ घेतली. पैशाचं सगळं तो बघणार होता, मी फक्त गाडी बघणार होते. म्हणजे खरं सांगायचं तर मी खोड काढायला निघाले होते.

गिरगाव

पहिली गाडी छापखान्याच्या ओळखीतली. लग्नपत्रिका पोचवणाऱ्या वैद्यांची. परळहून बसने गेलो. गिरगाव आमच्यापासून लांब नाही, पण तिथे गेलं की मला नेहमी परगावी आल्यासारखं होतं. तिथली माणसं वाक्य पूर्ण बोलतात. आमच्याकडे वाक्य निम्म्यावर सोडतात आणि उरलेलं हातांनी सांगतात. चाळी त्यांच्याही आहेत, पण तिथे जिन्यात तुळशीच्या कुंड्या, दारावर पाट्या, आणि पाट्यांवर शिक्षण लिहिलेलं.

वैद्यांनी आधी पाणी दिलं, मग गाडी दाखवली, मग चहा, तोही बशीसकट. गाडी छोटी, पांढरी, आतून एकदम स्वच्छ, नव्या कागदाच्या वासाची. "आपण आत बसून बघा ना, वहिनी," असं ते म्हणाले आणि मी बसले. माझा अंबाडा छताला लागला. विलास माझ्याशेजारी मान वाकडी करून बसला होता आणि त्याच वाकड्या मानेने गाडी किती ऐसपैस आहे ते सांगत होता. मी म्हटलं, कन्याकुमारीला पोचेपर्यंत तुमची मान अशीच राहील. वैद्य हसले नाहीत, पण वळून खिडकीबाहेर बघायला लागले.

विलासने मापाची पट्टी आणली होती. मी ती पिशवीत ठेवायला लावली. पट्टीने जागा कळते यावर आम्हा चाळकऱ्यांचा विश्वास नाही. आमच्याकडे कोणी नवी खोली घेतली की किती फूट बाय किती फूट असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, किती माणसं झोपतात? नऊ झोपतात म्हटलं की खोली डोळ्यांपुढे उभी राहायची. तेव्हा गाडीचं माप तसंच घ्यायचं, आत आडवं होऊन, हे आमचं ठरलं. वैद्यांच्या गाडीत तो प्रश्नच आला नाही. येताना एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणावडा खाल्ला, पियुष प्यायलो. विलास थोडा हिरमुसला होता, मी मजेत होते.

लालबाग

दुसरी गाडी लालबागची, घरापासून चालत. गणपती होऊन गेले होते. मंडपांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले होते आणि फुटपाथवरून चालताना ते ओलांडत जावं लागत होतं. ही गाडी सावंतांची, त्यांचा मिरची-मसाल्याचा डंक. बायका घरून मिरच्या, धणे भाजून आणतात, ते इथे कुटून मिळतं. तो मसाला दुकानादुकानांत पोचवायला त्यांनी गाडी ठेवली होती. सावंतांनी आम्हाला येताना बघूनच हात हलवला.

"वास येवचो नाय," ते म्हणाले, "साबण लावून धुतलंय गाडी."

त्यांनी मागचा दरवाजा उघडला आणि मला पहिली शिंक आली. दुसरी आली. मग मी मोजणं सोडलं. विलास आत चढला होता, तोही शिंकायला लागला, पण उतरायला तयार नाही. डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना तो मला तिथूनच समजावत होता की मसाल्याच्या गाडीला डास येत नाहीत, आणि कोकणात डास फार. सावंत इतके हसले की डंकावर उभ्या असलेल्या दोन बायका काय झालं बघायला बाहेर आल्या. त्यांतली एक म्हणाली, वहिनी, जेवणात मीठ तेवढं घाला, बाकी सगळं गाडीतच आहे.

आडवं होऊन बघायचं म्हणून मी नाकाला पदर लावून आत गेले आणि तशीच मागे फिरले. सावंतांना वाईट वाटायला नको म्हणून अर्धा किलो मसाला घेतला. घरी आल्यावर विलासने अंघोळ केली तरी त्याचे डोळे लालच होते. मी त्याला म्हटलं, दोन झाल्या. तो म्हणाला, दोन राहिल्या.

घोडपदेव

तिसरी गाडी घोडपदेवला निघाली तेव्हा मला ते आवडलं नाही, पण तसं सांगायला कारण नव्हतं. माझं माहेर तिथलं. आता तिथे आमचं कोणी राहत नाही, आई-बाबा गेले, भावंडं विरार-कल्याणकडे पांगली. मी बरीच वर्षं त्या बाजूला फिरकले नव्हते.

गाडी इक्बालभाईंची. बेकरीचे पाव पोचवणारी, बऱ्यापैकी उंच, मागे दुहेरी दरवाजा. आतले लाकडी खण त्यांनी काढून टाकले होते, पत्र्याची जमीन घासून ठेवली होती. आत अजून भाजलेल्या पावाचा वास होता आणि तो मला आवडला, हे कबूल करावं लागेल. छत डोक्याला लागत नव्हतं. इंजिन विलासने तपासलं, त्यातलं त्याला कळतं. इक्बालभाईंनी आत एक सतरंजी टाकून दिली.

"लेटके देखो भाभी," ते म्हणाले, "घर जैसा लगेगा."

आम्ही दोघं आडवे झालो. मी नेहमीसारखी उजव्या कुशीवर, विलास डाव्या. आमच्या पायांशी जागा उरली, बाजूला जागा उरली. विलास पडल्यापडल्या मला हिशेब सांगत होता: शालन, इथे शेगडी, इथे टाकी, आणि तरीसुद्धा अजून दोन माणसं झोपतील. मी खोड शोधत होते. छत बघितलं, दरवाजा बघितला, गंज बघितला. काही सापडेना. उठून बसले तेव्हा विलास माझ्याकडे असा बघत होता की मला मान फिरवावी लागली. शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, चालेल.

इक्बालभाईंनी खारी आणि चहा मागवला. विलासने त्यांना परवा येऊन विसार देतो म्हणून सांगितलं. तो इतका खुशीत होता की खारीचे तुकडे चहात पडून विरघळले तरी त्याला कळलं नाही. मी मात्र आतून खचले होते. गाडी चांगली होती, आणि तीत झोपायच्या विचाराने माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं.

बाहेर पडल्यावर पाय आपोआप आमच्या चाळीकडे वळले. चाळ उभी आहे, टेकू लावून. आमची खोली दुसऱ्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. खालून तिचा फक्त कठडा दिसतो. तिथे उभी राहून मी विलासला काही गोष्टी सांगितल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या कधी सांगितल्या नव्हत्या. लपवल्या होत्या असं नाही, तसा प्रसंग आला नव्हता.

बाबा गिरणीत साचेवाले होते, मागावर उभे राहायचे. खोलीत ते, आई, आम्ही चार भावंडं, बाबांचे दोन धाकटे भाऊ आणि गावाकडचा एक माणूस. एवढी माणसं त्या खोलीत मावत नव्हतीच. मावत होती ती पाळ्यांमुळे. कोणी पहिल्या पाळीला, कोणी दुसऱ्या, कोणी रातपाळीला. एक उठून गेला की त्याच्या जागेवर दुसरा येऊन झोपायचा. आमचं घर गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. मग संप झाला आणि सगळे पुरुष एकाच वेळी घरी आले. संपावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्या वर्षी माणसं झोपली कशी, हे मात्र कोणी बोलत नाही.

मी तेव्हा सहावीत होते. माझी जागा खाटेखाली गेली. एका अंगाला धाकटी बहीण, पायाशी भांड्यांची उतरंड. पाय सरळ केले तर भांडी पडायची आणि सगळं घर उठायचं. म्हणून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि उजव्या कुशीवर पडायचं. कूस बदलायची तर बहिणीला उठवून दोघींनी मिळून बदलायची. बाबा रोज म्हणायचे, थोडे दिवस आवरून झोप बाय, संप मिटला की बघू. त्यांना ते खरंच वाटत होतं. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. बाबा पुढे एका गोदामावर राखणदार झाले. दुसऱ्या वर्षी मधुकाका, म्हणजे बाबांचा मधला भाऊ, आपण होऊन गावी निघून गेले. जाताना आईला म्हणाले, वहिनी, एक माणूस कमी झालं की पोरींना जागा होईल. ते मंडणगडकडचे झाले ते कायमचे. वर्षातून एकदा, सहा डिसेंबरला, चैत्यभूमीला येतात तेवढंच.

विलास ऐकत होता. त्याचं लहानपणही असंच, लालबागच्या चाळीतलं. पण तो मुलगा होता. मुलगे जेवण झालं की वळकटी काखेत मारून गॅलरीत, गच्चीवर, नाहीतर सरळ फुटपाथवर झोपायला जायचे. त्याच्या आठवणीतली चाळ आभाळाखालची आहे, माझ्या आठवणीतली खाटेखालची. मला वाटतं त्याला गाडीत राहायची हौस आहे आणि मला नाही, याचं अर्धं कारण एवढंच असेल.

मला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "शालन, आता तसं नाही. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "दुसरं काहीही बोला. हे शब्द माझ्याशी बोलायचे नाहीत."

 भायखळ्याच्या पुलापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे तो थांबला आणि म्हणाला, नको, इक्बालभाईंना नाही म्हणून कळवतो. आता मलाच राग आला. गाडीत खोड नव्हती, मी चालेल म्हटलं होतं, आणि दवाखान्याच्या खिडकीवर मी कधी कोणाला दिलेला शब्द फिरवला नव्हता. मी सांगितलं, ठरलं ते ठरलं.  एवढ्या मोठ्या हौसेला होकार मिळालेला माणूस मी असा कधी बघितला नाही, रात्री त्याने धड जेवणसुद्धा केलं नाही.

मच्छीमार नगर

चौथी गाडी बघायची गरज उरली नव्हती. पण ती पारूमावशींची होती आणि आम्ही येतो म्हणून निरोप गेला होता. पारूमावशी आमच्या परळच्या बाजारात तीसेक वर्षं मासळी विकायला बसायच्या. कुठल्या घरात काय शिजतं, कोण कधी बाळंत झालं, कोणाच्या घरी भांडण आहे, हे त्यांना टोपलीतल्या मागणीवरून कळायचं. गुडघे गेल्यावर त्यांनी बाजार सोडला. आता त्यांच्या मुलाने मोठी गाडी घेतली होती आणि जुनी काढायची होती. कोळणीला येतो म्हणून सांगून न जाणं हे परळमध्ये कोणी करत नाही.

कफ परेडला बसमधून उतरलं की एका हाताला उंच उंच इमारती, दारात गणवेशातले रखवालदार. दुसऱ्या हाताला वळलं की होड्या, जाळी, आणि बांबूच्या मांडवांवर जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. दोन्हींच्या मधे एक रस्ता आहे, तोही फार रुंद नाही. विलास नाक वर करून खोल श्वास घेत होता. इमारतींतले लोक याच वासावरून तक्रारी करतात म्हणे. आम्हाला भूक लागली.

मावशींनी गाडीचं नावही काढू दिलं नाही. "आधी जेवा, गाडी कुठं पलते?" असं म्हणून त्यांनी आम्हाला बसवलं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, इथे आग्रह करत नाहीत, ताटात वाढूनच टाकतात. तांदळाची भाकरी, कुरकुरीत तळलेली मांदेली, जवळ्याची चटणी, वर सार. मी दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. विलास नको नको म्हणत तिसरी भाकरी खाऊन बसला.

गाडी घराच्या मागे, होड्यांच्या ओळीत उभी होती. ससून डॉकवरून बर्फातली मासळी नेणारी, जाड भिंतींची, बाहेरचं ऊन आत येत नाही अशी. लांबही होती, पावाच्या गाडीहून दिसण्याइतकी लांब. वास किती आहे ते आम्हाला ठरवता येईना, कारण आत्ताच मांदेली खाऊन आम्ही स्वतःच तो वास घेऊन आलो होतो. मी आत उभी राहिले. विलास उभा राहिला. दोघंही ताठ.

मावशींना वाईट वाटू नये म्हणून आडवं होऊन बघायचं ठरलं. त्यांनी चटई दिली. मी उजव्या कुशीवर, विलास डाव्या, मधे हातभर अंतर. मावशी मागच्या दरवाजाला टेकून उभ्या होत्या. त्या आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होत्या.

मग म्हणाल्या, "शालन बाय, अशी कोलंबीसारखी वाकडी का गो झोपलीस? पोटात दुखते?"

मी म्हटलं, नाही मावशी, माप घेतोय.

"असं माप?" त्या म्हणाल्या. "आमचं मानूस होरीत झोपते, तं पन सरल झोपते. पाय लांब कर."

मी हसले. मग बघितलं तर विलासही तसाच पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. गॅलरीत झोपणाऱ्या मुलांनाही पाय आवरूनच झोपावं लागायचं, संडासला जाणारा माणूस अंगावरून जाऊ नये म्हणून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला आमचा घरचा पलंग आठवला, टॉवरमधल्या खोलीसाठी हौसेने घेतलेला, चांगला मोठा. त्याच्यावर आम्ही दोन कडांना दोन गाठोडी होऊन झोपतो आणि पायथ्याशी घडी केलेली गोधडी ठेवतो, कारण तिथे जागा असते. तिथे जागा का असते, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

मी पाठीवर वळले आणि पाय सरळ केले. एका गुडघ्याचा कट्ट आवाज झाला. सांगायला विचित्र वाटतं, पण मला लाज वाटली, चारचौघांत कोणी अंगावरची चादर ओढावी तशी. पायाला भांडी लागतील म्हणून मी वाट बघत होते. काही लागलं नाही. मी टाचा अजून खाली सरकवल्या. दरवाजा तरीही लांब होता. बाहेर कोणीतरी होडीला ठोकत होतं आणि लाटांचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि मी ते पुसलं नाही.

विलासनेही पाय लांब केले होते. तो छताकडे बघून म्हणाला, "पावाच्या गाडीत आपले पाय दरवाजाबाहेर गेले असते."

खरंच गेले असते. आम्ही दोघं, एक जन्मभर मशीनवर कागदाचं माप सांभाळलेला आणि एक गोळ्या मोजून देणारी, अजून दोन माणसं झोपतील म्हणून खूश होऊन आलो होतो. आणि माझ्या छातीवर जो दगड होता तो काय होता, ते मला तिथे पडल्यापडल्या कळलं. मी खोड शोधत होते ती गाडीत नव्हती. मी खाटेखाली झोपून गाडी बघत होते.

मी मावशींना विचारलं, खडू आहे का? खडू नव्हता, त्यांनी चुलीतला कोळसा आणून दिला. मी पुन्हा पाठीवर पडले, पाय पुरते लांब केले, डोकं कुठे येतं ते बघितलं आणि त्याच्या बाजूला, गाडीच्या भिंतीवर, हात पोचेल तिथे एक चौकोन काढला.

विलास उठून बसला. त्याला कळलं होतं, पण त्याला ते ऐकायचं होतं. "हे काय?"

"खिडकी," मी म्हटलं. "इथे खिडकी कापून घ्यायची. पडदा नको."

त्याने माझ्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला. मावशी म्हणाल्या, चला, चहा टाकते. इक्बालभाईंना विलासने तिथूनच फोन केला आणि खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, हमारे इधर भी सब ऐसेच सोते हैं, मियाँ. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

दादर

गाडी बांधून व्हायला दोन महिने लागले. आरटीओचे सोपस्कार, परळच्या गॅरेजमधले फेरे, फळ्या, शेगडी, हे सगळं विलासने केलं आणि ते तो कोणालाही हौसेने सांगतो. खिडकी मी समोर उभी राहून कापून घेतली. पत्रा कापताना कोळशाची रेघ पुसली गेली तेव्हा मी पुन्हा आत जाऊन आडवी झाले आणि पुन्हा काढून दिली.

निघायचं ठरलं ते सात डिसेंबरला, कारण आदल्या दिवशी मधुकाका येणार होते आणि पहिला मुक्काम त्यांना गावी सोडून त्यांच्याच अंगणात करायचा होता. सहा तारखेला आम्ही त्यांच्याबरोबर चैत्यभूमीला गेलो, रांगेत उभे राहिलो, दर्शन घेतलं. काका आता ऐंशीला आलेले, पांढरे कपडे, हातात काठी. गर्दीत भेटणाऱ्या प्रत्येकाला जय भीम म्हणायला ते थांबत होते, त्यामुळे वेळ लागला. टॉवरची लिफ्ट त्यांना आवडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा झाल्यावर ते आधीच खाली जाऊन गाडीजवळ उभे राहिले होते.

मी मागचा दरवाजा उघडून दिला. त्यांनी काठी बाहेर टेकवली, मान आत घातली, पलंग बघितला, शेगडी बघितली, खिडकी बघितली. मग त्यांनी विचारलं तेच, जे आमच्यातलं कोणीही विचारील.

"किती माणसं झोपतात गं?"

"दोन," मी म्हटलं.

काकांनी पुन्हा आत नजर फिरवली. त्यांचा विश्वास बसला नाही. "सहा झोपतील की आरामात."

"झोपतील. पण झोपतात दोन."

 आदल्या दिवसाच्या रांगेने ते दमलेले होते आणि रस्ता लांबचा होता. विलास वर दार लावून घ्यायला गेला होता. मी म्हटलं, काका, तो येईपर्यंत जरा पडा. ते चपला काढून चढले, पलंगाच्या अगदी कडेला टेकले, आणि हळूच आडवे झाले. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला चिकटून. संपाच्या वर्षी आमच्या खोलीत ते असेच भिंतीकडेला झोपत होते.

मी त्यांच्या पायांशी बसले. घोट्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, पाय लांब करा."